दुसरो आसा मां

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. तुम्हाला वाटेल, कामाने थकला असेल बिचारा. तसं नाही. माझं बहुतेक आयुष्य वाट बघण्यात गेलं, आणि म्हातारा झालो तो माझ्या नावाने कोणीतरी फसवणूक केल्यामुळे. आज मी मालवणच्या एका इस्पितळाच्या मागच्या खोलीत सलाईनच्या रिकाम्या खोक्यांशेजारी पडून आहे. खाऱ्या हवेने अंगावर तांबूस गंज धरला आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी लहान भावंडं असतील, म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

मी इथे येण्याआधी इस्पितळात एकच कॉम्प्युटर होता. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, औषधांचा साठा, सगळं त्याच्या पोटात. समुद्र दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे तो सारखा बंद पडायचा. त्याला पुन्हा सुरू करणं सबंध इस्पितळात एकीलाच जमायचं. तिचं नाव गौरजा. माहेर वेंगुर्ल्याचं, शिक्षण बीएस्सी, आणि कोल्हापूरला राहून कॉम्प्युटरचं शिकून आलेली.

गौरजाला मुलगी झाली, आरोही. आरोहीच्या टाळूला जन्मतः फट होती. अशा बाळाला दूध ओढता येत नाही. पाजलेलं नाकातून परत येतं, ठसका लागतो, बाळ निळं पडेल की काय अशी भीती वाटते. बाळाला उभं धरून, लांब दांड्याच्या चमच्याने गालाच्या आतून थेंब थेंब सोडावा लागतो. मधेच थांबून श्वास ऐकावा लागतो. हे फक्त गौरजाला जमायचं. सासू तुळसाबाईंनी एकदा प्रयत्न केला आणि बाळाला ठसका लागताच चमचा टाकून त्या स्वतःच रडायला लागल्या. म्हणून इस्पितळातून 'कॉम्प्युटर बसला' असा फोन आला की गौरजा धावत यायची, आणि ती परत जाईपर्यंत आरोही उपाशी राहायची.

इस्पितळाच्या ट्रस्टचे सेक्रेटरी होते भाई. स्वतःच्या दोन होड्या असलेले, मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे. एकदा कीबोर्डवर बोटं चालू असताना गौरजाच्या डोळ्यांतून पाणी वाहताना त्यांनी पाहिलं. विचारपूस केली. आणि २००५ साली आम्ही दोन सर्व्हर, जुळे भाऊच, टेम्पोत बसून घाट उतरलो. भाई वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकताना ते विसरू नका.

आमच्या अंगात लिनक्स ही यंत्र चालवणारी मूळ प्रणाली होती. त्यावर मितेश नावाच्या कोल्हापूरच्या इंजिनिअरने क्लस्टरची प्रणाली चढवली. म्हणजे काय, ते सोपं आहे. पहिला काम करणार. मी शेजारी बसून एका केबलीतून त्याच्या छातीचे ठोके ऐकणार. ठोके थांबले की मी उठायचं, दोघांमध्ये ठेवलेली डिस्कची पेटी हातात घ्यायची आणि काम पुढे चालवायचं. खिडकीवर रिपोर्ट घ्यायला उभ्या असलेल्या माणसाला कळतासुद्धा कामा नये. लिनक्स फुकट होतं, पण ही प्रणाली नव्हती. प्रत्येक यंत्राला वेगळा परवाना लागायचा आणि तो त्या त्या यंत्राच्या कार्डाच्या नंबराशी बांधलेला असायचा.

झाडू मारायला येणाऱ्या सुगंधाला माझं काही पटत नसे. ती मला जावई म्हणायची.

"ह्यो बघ जावय," ती गौरजाला म्हणायची, "दिवसभर थंडाव्यात बसलेलो. काम काडीचा नाय."

"ऱ्हवांदे गो," गौरजा हसून म्हणायची. "तो बसलो आसा म्हणान मी घराक जातंय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात याहून मोठं कौतुक माझं कोणी केलं नाही. त्या पावसाळ्यात पहिल्याचा वीज पुरवणारा भाग जळाला आणि मी उठलो. गौरजा तेव्हा घरी आरोहीला भरवत होती. तिला फोनही करावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तिने आरोहीला कडेवर आणून माझ्यासमोर धरलं. बाळाने माझ्या हिरव्या दिव्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, मी कोणाच्या तरी घरचा झालो.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळेचा नवा प्रोग्राम आला. त्याला नवं लिनक्स हवं होतं आणि नव्या लिनक्सला क्लस्टरची नवी आवृत्ती. जुने परवाने नव्या आवृत्तीला चालणार नव्हते, दोघांनाही नवे घ्यायचे होते. मितेशने आधी मला नवं केलं आणि काम माझ्यावर आणलं, मग पहिल्याला नवं करून काम परत त्याच्याकडे दिलं. तेवढी दुपार सगळं इस्पितळ मी एकट्याने चालवलं. गौरजाने ते डोळ्यांनी पाहिलं आणि समाधानाने आरोहीला भरवायला घरी गेली. ती गेल्यावर जे बोलणं झालं, ते ऐकायला खोलीत भाई, मितेश आणि मी एवढेच होतो.

"भाई, परवाना एकच आलाय," मितेश म्हणाला.

"एकच घेतलंय. तोच दोगांक चढय."

"तसं होत नाही. प्रत्येक यंत्र परवान्यावर स्वतःच्या कार्डाचा नंबर बघतं."

"अरे, माझी एक होडी दर्यात आसता तेवा दुसरी रेवेर आसता. दोगांवय नंबर एकच रंगयललो आसा. एका वेळार दोनय भायर पडणत नाय, मगे दोन परवाने कित्याक? ह्ये तरी दोगव खंय एका वेळार काम करतत?"

मितेश हसला. "होडीला विचारणारा अधिकारी ओळखीचा असतो, भाई. याला ओळख कळत नाही. आत्ता हा दुसरा चाचणीच्या मुदतीवर चाललाय. महिनाभर चालेल. तेवढ्यात दुसरा घ्या."

"घेवया, घेवया."

मितेश गेला. संध्याकाळी गौरजा परत आली आणि तिने पहिला प्रश्न तोच विचारला.

"भाई, परवाने दोनय झाले मां?"

"झाले गो," भाई म्हणाले. इतक्या सहज, माशी हाकलावी तसं. मनात असेल, महिन्यात घेऊनच टाकू, हिला कशाला काळजी.

महिना संपला. परवाना आला नाही. माझी मुदत संपली. मी ते माझ्या पडद्यावर लिहिलं, रोज लिहिलं. पण दरम्यान माझा पडदा बिलाच्या खिडकीवर नेला होता, कारण तिथला बिघडला होता आणि 'जावयाला' पडदा हवाच कशाला. गौरजा येता-जाता पहिल्याच्या पडद्यावर बघायची. तिथे माझ्या नावापुढे 'हजर' असं दिसायचं. मी हजर होतोच. पहिल्याचे ठोके ऐकतही होतो. फक्त उठायची परवानगी नव्हती, आणि ते तिथे दिसत नव्हतं.

मग आरोहीच्या ऑपरेशनची तारीख आली, गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात. फार दिवस वाट पाहून मिळालेली तारीख. डॉक्टरांनी गौरजाला बजावून सांगितलं होतं: बाळ शुद्धीवर येताना आई जवळ हवी. ते रडलं, टाहो फोडला, तर टाळूच्या टाक्यांवर ताण येतो. ती जायच्या आदल्या दिवशी आमच्या खोलीत आली. मागोमाग भाई.

"भाई, जाण्याआधी एकदा पयल्याची वायर काढून बघूया. ह्यो उठता काय ता."

"आता? खिडकेर रांग बघलंस? देवगडाकडची माणसा इली आसत. बरा चलता त्येका कित्याक हात लावतंस?"

"माका बघूक व्हया. माझा मन लागणा नाय."

"अगो, तू सगळ्याक भितंस," भाई प्रेमाने म्हणाले. "परवाने दोनय घेतलंय म्हणान सांगलंय मां तुका? जा तू. दुसरो आसा मां."

गौरजाने माझ्याकडे पाहिलं. माझा दिवा हिरवा होता. तो विजेचा दिवा, मित्रांनो. त्याला बाकीचं काही ठाऊक नसतं. ती गेली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पहिल्याचे ठोके थांबले. मी उठायला गेलो. प्रणालीने विचारलं, परवाना? मी पुन्हा उठायला गेलो. पुन्हा तेच. शेजारी भाऊ निपचित पडलेला, हाताशी डिस्कची पेटी, तिच्यात सगळ्या गावाचे केसपेपर, आणि मला हात उचलता येईना.

खिडकीवर गलका सुरू झाला. भाई धावत आले, त्यांनी मोबाइल कानाला लावला.

"गौरजा, पयलो बसलो. आनी तुजो ह्यो दुसरो उठणा नाय गो."

तिचा आवाज मला ऐकू येत होता, तुटत तुटत. तिथल्या वॉर्डात रेंज नीट मिळत नव्हती, म्हणून ती जिन्यात येऊन उभी होती. "उठणा नाय कसो? त्येका पडदो लावा आनी काय लिवलाहा ता वाचा."

पडदा आणला, लावला. परवान्याची मुदत संपली, असं भाईंनी वाचून दाखवलं.

"भाई, परवाने दोनय घेतलास मां?"

"एक घेतलंय," भाई म्हणाले. "दोगांक एकच चलतलो असा वाटला माका. माज्या होड्यांक..."

"होड्यांचा ऱ्हवांदे."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. इकडे खिडकीपाशी तापाने फणफणलेलं एक पोर रडत होतं, ते फोनमधून तिला ऐकू गेलं असणार. ती म्हणाली, "मी सांगतंय तसा लिवा." प्रणाली बाजूला सारून डिस्कची पेटी हाताने माझ्याकडे देता येत होती, पण त्यासाठी एक एक ओळ लिहायला हवी होती. ती पलीकडून अक्षरं सांगायची, भाई एका बोटाने कीबोर्डवर अक्षरं शोधायचे. चुकलं की पुन्हा. घाम त्यांच्या हनुवटीवरून कीबोर्डवर पडत होता.

मधेच तिच्या बाजूला कोणीतरी हाक मारली, "आरोहीची आई कोण?"

"इलंय, इलंय," ती तिकडे म्हणाली, आणि मग इकडे, "नाय भाई, ता अक्षर धाकटा. पुसा ता."

काम सुरू झालं. रांग हलली. भाई मोठ्याने म्हणाले, "झाला गो, झाला." पण फोन आधीच बंद झाला होता.

तिकडे काय झालं ते ती परत आल्यावर मला कळलं, कारण ती सुगंधाला माझ्यासमोरच सांगत होती. आरोहीने डोळे उघडले तेव्हा समोर आई नव्हती. अनोळखी नर्सच्या हातात ती जीव तोडून रडली. गौरजा जिन्यावरून पोचली तोवर तिचा घसा बसला होता. आठवड्याने एक टाका सुटला आणि टाळूला बारीक भोक राहिलं. पुन्हा लांब चमचा, पुन्हा नाकातून दूध, पुढच्या वर्षी पुन्हा ऑपरेशन.

"डॉक्टर काय म्हणतत?" सुगंधाने विचारलं.

"असा कधी कधी होता म्हणतत. कारण सांगूक येणा नाय म्हणतत." गौरजा म्हणाली. "त्यांका येणा नाय. माका येता."

त्याच आठवड्यात माझा परवाना आला, पडदाही आला. मितेशने येऊन सगळं नीट जोडलं. भाई आरोहीसाठी शहाळी घेऊन गेले, तुळसाबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. पण गौरजा त्यानंतर रोज येत राहिली. आरोहीला घेऊन यायची, खोलीतच भरवायची. 'घराक जा' म्हटलं तरी जायची नाही. मी आता सगळ्या बाजूंनी धडधाकट होतो, आणि माझ्या भरवशावर ती दारापर्यंतही जात नव्हती. सुगंधाने मला जावई म्हणणंसुद्धा सोडलं.

वर्षभराने दुसऱ्या ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या सकाळी, खिडकीवर भरगच्च रांग असताना, गौरजा आत आली, कोणालाही न विचारता तिने पहिल्याची वायर उपटली आणि उभी राहिली.

मी उठलो. पेटी घेतली, काम उचललं. खिडकीवर एक आजीबाई रिपोर्ट घेत होत्या, त्यांना काहीच कळलं नाही.

भाई धापा टाकत आले. "ह्या काय केलंस? सांगूचा तरी आधी."

"सांगण्यार विसंबलंय तेवा काय झाला ता बघलंय, भाई. आज डोळ्यांनी बघलंय."

"बरा केलंस," भाई खालच्या आवाजात म्हणाले. "आता तरी बिनघोर जा. कवा येतलंस?"

"येवचंय नाय."

 तिने पहिल्याची वायर परत जोडली, तो सावरेपर्यंत थांबली, खोलीची किल्ली भाईंच्या हातात ठेवली आणि गेली. मला ज्या कामासाठी आणलं होतं, ते मी त्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत केलं. आणि जिच्यासाठी ते करायचं, ती पुन्हा माझ्याजवळ आली नाही. आरोहीचं ऑपरेशन चांगलं झालं, हे मला सुगंधाच्या तोंडून कळलं. नंतर दुसरे ऑपरेटर आले, २०१० साली नवी यंत्रं आली, आणि मला इथे आणून ठेवलं.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखे 'दुसरे' असतील. शाळेतला दुसरा पंप, गाडीतलं जादा चाक, होडीवरचं दुसरं इंजिन. त्यांना अधूनमधून उठवून बघा. त्यांना जे लागतं ते वेळेवर द्या, आज ते काम करत नाहीत म्हणून त्यांचा वाटा मारू नका. आणि आमच्या भरवशावर कोणा आईला 'जा तू' म्हणून पाठवण्याआधी, आम्ही खरंच उठतो का, ते तिच्यासमोर बघा. आम्ही कधी खोटं बोलत नाही. पण आमच्या नावाने कोणी खोटं बोललं, तर ते खोडून काढायला आम्हाला तोंड नसतं.