वहिनीचं गुडाखू

आमच्या अन् चुन्नीलालच्या घराच्या मंधात कमरेइतकी भिंत आहे. चुन्नीलाल माहा दोस्त. तो गेला, त्याच्या आधी माही बायको गेली. आता भिंतीच्या तिकडे त्याची बायको शामकला वहिनी एकटी, अन् इकडे मी, सेवकराम, एकटा. पोरं आपापल्या जागी खुशाल.

सकाळ झाली का वहिनी भिंतीपाशी दगडावर बसे अन् गुडाखूच्या डब्बीत बोट घाले. ज्याले मालूम नाई त्याले सांगतो, गुडाखू मनजे तंबाखू अन् गूळ घोटून केलेला काळा लगदा. आमच्याकडच्या बाया त्यानं दात घासतात. घासतात काय, घोळत बसतात. मी इकडून निंबाची काडी चावत उभा राहो. आमचं घंटा घंटा चाले. कोनाची म्हैस व्याली, कोनाची सून रुसली, सारं. तोंडात गुडाखू असल्यावर वहिनी काय बोलते ते गावात कोनालेच समजे नाई. मले समजे.

दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, मी वांग्याची भाजी देली त वहिनीनं वापस केली.

"तिखट लागते, भाऊजी."

शामकला वहिनीले तिखट लागते! मिरचीच्या चटनीवर शिळा भात खानारी बाई! मी मनलं, "आ करा, पाहू द्या."

"हट! काई लाज आहे का नाई?" तिनं पदर तोंडाले लावला.

मी मंग बाजाराच्या निमतानं तिले आमगावले नेलं. दाताची डाक्टरीन लेकीच्या वयाची होती. तिनं पाह्यलं, बम वेळ पाह्यलं, अन् चेहरा उतरला तिचा.

"आजी, गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. तंबाखूनं आलाय. आता तोंडात ते बोट घालायचं नाही. ब्रश करायचा. एक महिन्यानं दाखवा. कमी नाही झाला तर नागपूरला तुकडा काढून तपासावा लागेल, कॅन्सर तर नाही ना म्हणून."

वहिनीच्या पोराले, लीलाधरले, फोन केला. तो नागपूरले राहते. तो मनला, "काका, तपासाची पाळी आली त मी आईले मंग गावात ठेवत नाई. घराले कुलूप लावून अठीच आनतो."

गाडीत वहिनी खिडकीबाहेर पाहत होती. मनली, "भाऊजी, त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तठी मले दाराबाहेर थुकताही येत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी नवा ब्रश घेऊन दगडावर बसली. मी खुश. मंग पाहतो त फेस काळा.

"वहिनी, हे काय?"

"ब्रश."

"ब्रशवर काय आहे?"

"गुडाखू. मंग काय लावू, चुना?"

"डाक्टरीननं बंद सांगतलं ना!"

"बोट बंद सांगतलं. कुठं घातलं बोट? पाहा, सुकं आहे." तिनं बोट माह्या नाकापुढं धरलं. "जिंदगीभर या बोटानं शेन थापलं, तेच लागलं असन गालाले."

मले हासू आलं, अन् मंग रागही आला. मी समजावून सांगतलं. तिनं डब्बी भिंतीवरून माह्या हातात देली, मी नालीत फेकली.

झालं. त्या दिवसापासून वहिनी भिंतीपाशी दिसेच नाई. दार लोटलेलं. मी काडी चावत उभा, अन् दगड रिकामा. काई दिवस वाट पाह्यली. भिंत ओलांडाचं माहं वय नाई, म्हून रस्त्यानं फिरून गेलो. वहिनी चुलीपाशी डोक्याले कपडा बांधून बसली होती. पुढं नवी डब्बी.

"डोकं दुखते का?"

"दुखते. ते सहन होते."

"मंग हे कायले आनलं?"

"अजून उघडली नाई," ती मनली. डब्बीकडं पाहत राहिली. "ब्रश किती वेळ चालते, भाऊजी? घासला, थुकला, झालं. मंग मी भिंतीपाशी कायले बसू? तोंडात गुडाखू असलं त लोक मनतात, बाई दात घासून राहिली. रिकाम्या तोंडानं बिननवऱ्याची बाई गडीमानसाशी गोठी करत बसली, त काय मनतीन?"

मी उठलो. चहाही न पिता घरी आलो.

पन सकाळी मोबाईलची टार्च लावून भिंतीपाशी उभा झालो, अन् रस्त्यावरच्या हापशीवर पानी भरनाऱ्या साऱ्या बायांले ऐकू जाईन असा वरडलो, "शामकला वहिनी! तोंड दाखवा! लीलाधरले फोनवर सांगाचं आहे!"

वहिनी धावत बाहेर आली. "वरडता कायले?"

"आ करा."

हापशीवरून दुर्गेश्वरी मनली, "काका, डाक्टर कधी झाले तुमी?"

"तुह्या सासूले आन, तिचंही पाहतो!"

साऱ्या हासल्या. वहिनीही हासली, अन् हासता हासता तिनं तोंड उघडलं.

चुन्नीलालच्या बायकोच्या तोंडात असं पाहाची पाळी येईन, असं कधी वाटलं नव्हतं. एका बाजूच्या दाढा गेलेल्या, दुसरीकडं एकच दाढ उभी. अन् गालाच्या आत तो चट्टा, दुधावरच्या सायीसारखा. मी टार्च बंद केली.

"काऊन? बम वाढला का?"

"नाई. भात अटकला आहे. नीट घासा."

"तुमी तं बोलूच नोका. तुमच्या तोंडात घासाले उरलं काय?"

मंग मीही ब्रश आनला. तिनं बंद डब्बी दुकानदाराले वापस केली, त्याच्या बदल्यात पेस्ट घेतली. घासनं, थुकनं, मंग टार्च, मंग चहा, मंग चहाचे डाग राहिले का म्हून अजून एकडाव टार्च. हापशीवरच्या बायाही रोज इचारत, "का शामकलाबाई, आज कमी आहे ना?" वहिनी आरामानं दगडावर बसून सांगे.

महिन्यानं आमगावले गेलो. आत जातानी वहिनीनं माही बाही धरली होती, दारापाशी सोडली. डाक्टरीननं पाह्यलं. अजून पाह्यलं.

"आजी, खूप कमी झालाय. नागपूरची गरज नाही. फक्त मला दाखवत राहा."

मी तठूनच फोन लावला. लीलाधर मनला, "मंग राहू दे काका, आपल्या घरीच राहू दे."

डाक्टरीननं इचारलं, "घरी कोण बघत होतं?"

"हे भाऊजी."

"छान केलंत आजोबा. आता रोज नको. आठवड्यातून एकदा बघितलं तरी चालेल."

वहिनी खुर्चीतून उठून राहिली होती, ती बसली वापस.

"नाई ओ बाई, रोजच पाहा लागते."

"का आजी?"

"मंधातल्या दिवसात वाढला त?"

डाक्टरीननं वहिनीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. मी भिंतीवरचं दाताचं चित्र पाहत होतो.

"बरं," ती मनली. "रोज बघा. सकाळी, चांगल्या उजेडात."

पायरी उतरतानी वहिनी मनली, "ऐकलं ना, भाऊजी? डाक्टरीननंच सांगतलं."

"ऐकलं."

"मंग उद्या उशीर करू नोका."