फौजेला तिखट पुरवणारा डबा

मी कुसुमताईंचा डबा बोलतोय. घर नंदनवन, नागपूर. सध्याचा मुक्काम मात्र सांगता येणार नाही, फौजेचा मामला आहे. थंडी खूप आहे, एवढंच सांगतो.

दिसायला मी काही देखणा नाही. स्टीलचा, अर्धा किलोचा, फिरकीच्या झाकणाचा, बुडाला पोचे आलेला. पण आमच्या ओट्यावरच्या एकाही भांड्यानं वर्धा नदीपलीकडचं जग पाहिलेलं नाही, आणि मी बर्फात राहतोय. थोडी ऐट मारली तर चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला, पण मी माणसांत आलो तो इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात. कुसुमताईंनी मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, झाकण सतरा वेळा फिरवलं आणि नवऱ्याला, मारोतरावांना, म्हणाल्या, "हा घ्या. याच्यातून तेल नाही गळत." दुकानदारानं लगेच यंत्र लावून माझ्या पोटावर त्यांचं नाव कोरलं. तेव्हा गुदगुल्या झाल्या, हे कबूल करतो.

घरी आल्यावर मला काम मिळालं ते ठेच्याचं. भिवापुरी लाल मिरची, लसूण, जाडं मीठ, खलबत्त्यात कुटायचं आणि जवसाच्या तेलात परतायचं. दुसरं तेल वापरलं तर कुसुमताई त्याला ठेचा म्हणतच नाहीत. तो परतायला लागला की गल्लीच्या टोकाला माणसं खोकतात. असा ऐवज पोटात बाळगायचा म्हणजे अंगात धमक लागते.

कुसुमताईंची मुलगी भूमिका आणि समोरच्या घरातली नूपुर, दोघी एका वर्गात. नूपुरचे आईवडील दोघंही नोकरीवर, म्हणून शाळा सुटली की ही पोरगी आमच्याच स्वयंपाकघरात. दोघींची पैज लागायची, पोह्यांवर चण्याचा रस्सा, म्हणजे तर्री, आणि तर्रीवर माझ्यातला ठेचा, पाणी पहिली कोण मागते. नूपुरच्या डोळ्यांतून धारा लागायच्या, नाक लाल व्हायचं, पण पाणी मागायची ती भूमिकाच.

मग मारोतरावांना पित्ताचा त्रास सुरू झाला आणि घरात तिखट बंद झालं. माझ्यात बटणं, सुया, तुटलेल्या चेनी भरून मला माळ्यावर टाकलं. माणसांची ही रीतच आहे. स्वतःचं पोट बिघडलं की शिक्षा डब्याला. त्या वर्षांत भूमिका सीताबर्डीतल्या एका कंपनीत कामाला लागली आणि नूपुर फौजेत अधिकारी झाली, हे मला वरूनच ऐकू आलं.

एके संध्याकाळी फोन आला. भूमिकानं तो स्पीकरवर लावला होता. नूपुरची बदली अगदी उंचावरच्या एका ठाण्यावर झाली होती. तिनंच मागून घेतलेली. त्या ठाण्यावर तिच्याआधी एकही बाई गेली नव्हती.

"काहून वं, आवाज एवढा बारीक कसा तुहा?" कुसुमताईंनी विचारलं. "जेवाले नाही देत का तुमच्या फौजेत?"

"सगळं देतात काकू. पण इथं वर भूकच लागून नाही राहिली. पनीर खाल्लं काय अन् साबण खाल्ला काय, सारखंच लागते. वजन उतरून राहिलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीत अजून उतरलं तर खाली पाठवतो."

"तर ये ना खाली! काय ठेवलं हाये त्या बर्फात? घरी ये अन् जेव."

नूपुर म्हणाली, "मी खाली आली ना काकू, तर सगळे म्हणतील, पाहा, बाईमाणसाचं काम नव्हतंच हे. मग माझ्यामागून येणारीले कोणी वर पाठवणार नाही."

फोन ठेवल्यावर कुसुमताईंनी स्टूल घेतलं, माळ्यावर चढल्या आणि मला खाली काढून बटणं परातीत ओतली. दुसऱ्या दिवशी गल्ली खोकली. मारोतरावही खोकले, पण तक्रार केली नाही.

भूमिकानं मला कापडात शिवून पत्ता लिहिला. त्यात गाव नव्हतं, जिल्हा नव्हता, नुसतं फौजी टपालाचं 'द्वारा ५६ ए.पी.ओ.' होतं. आगगाडी, विमान, ट्रक आणि शेवटी एका जवानाची पाठ, असा मी वर पोचलो. तिथं माणसांनी आणलेली खोबरेलाची बाटली दगड होऊन बसली होती. माझ्यातलं जवसाचं तेल मात्र मऊच. कुसुमताई उगाच हट्टी नाहीत.

नूपुरनं झाकण उघडलं, वास घेतला आणि पहिल्याच घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळंच काही मिरचीचं नसावं. त्या रात्री तिनं डाळभात दोनदा घेतला. पण ती एकटी खाणारी नव्हे. जो समोर दिसेल त्याच्या ताटात चमचाभर ठेचा. तीसेक माणसांना मी कितीसा पुरणार? मी लवकरच तळाला गेलो, आणि नूपुरची भूक पुन्हा पळाली.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? डबा परत पाठवून दुसरा मागवला असता. भूमिका तर फोनवर मागतच होती, "डबा धाड ना वं, आई भरून देते." आणि ही म्हणायची, "धाडते, धाडते." मला घासूनपुसून तिनं खाटेखाली ठेवलं होतं. कारण आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. साखर घाला, चार फुलं घाला, पण रिकामा नाही. आणि त्या ठाण्यावर दगड आणि बर्फ सोडून घालणार काय? सरकारी रेशन डब्यात भरून घरी पाठवणं तिच्या मनाला पटेना. वाघिणीसारखी पोरगी, वजन उतरतंय, नोकरीची शान पणाला लागलीय, आणि अडून बसली ती एका डब्यापायी! मला इतका राग आला होता की हात असते तर तिचा कान धरला असता.

शेवटी रामुलू नावाच्या, नायक हुद्द्याच्या जवानाला मी दिसलो. आंध्रातला माणूस, सुट्टीवर निघायच्या तयारीत होता.

"मॅडम, ये डब्बा खाली क्यों रखा है? नागपूर तो मेरे रास्ते में है, दे देता हूँ."

नूपुरनं ओशाळत कारण सांगितलं. रामुलू हसला नाही. म्हणाला, "सही बात है. हमारी अम्मा भी खाली नहीं भेजती."

तो आपल्या ट्रंकेतून गुंटूरच्या मिरचीची चटणी घेऊन आला. पाठोपाठ नागालँडचा लिमा आला, पुडीत धुरावर वाळवलेली राजा मिरची घेऊन. राजस्थानच्या एकानं लसणाची चटणी आणली. ज्यानं त्यानं घरून आणलेलं, जपून पुरवून खाल्लेलं. पुड्या बांधून माझ्यात ठेवल्या आणि उरलेलं मॅडमच्या ताटाशी. रामुलू परतेपर्यंत रोज एकाचं तिखट तिला जेवू घालायचं, असं त्यांनी आपसांत ठरवूनही टाकलं.

नागपूर स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा भूमिका आणि कुसुमताई फलाटावर हजर होत्या. रामुलूनं मला दोन्ही हातांनी दिलं. घरी आल्यावर कुसुमताईंनी राजा मिरचीचा कण जिभेवर ठेवला. नागपूरपेक्षा तिखट जगात काही नाही, असं आयुष्यभर सांगत आलेली बाई! त्यांना उचकी लागली, त्या खाली बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

"माय वं!" उचकी थांबल्यावर त्या म्हणाल्या. "हे खाणारी पोरं हायेत का तिच्यासंगं? मग मले काही फिकर नाही." आणि त्यांनी भूमिकाला मोठी कढई काढायला लावली.

सुट्टी संपवून परतणाऱ्या रामुलूजवळ गाडीत मी होतो आणि माझ्यासोबत माझ्याहून मोठे पाच डबे. त्यांच्यावर अर्थातच मीच सुभेदार.

तपासणी माझ्यादेखत झाली. काट्यावर उभी राहताना नूपुरनं डोळे मिटले होते. डॉक्टरांनी काटा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला आणि विचारलं, "खातेस तरी काय?" तिनं मला पुढे केलं. डॉक्टरांनी पोळीला जरा जास्तच लावून घेतलं. नाक पुसत त्यांनी कागदावर सही केली.

आता मी बराच झिजलोय. झाकणाची फिरकी कुरकुरते, पोचे चार झालेत. जायची वेळ आली की जाईन, भंगारवाल्याला मी घाबरत नाही. तुम्हाला मात्र एक विनंती करून ठेवतो. तुमचं कोणी दूर पहाऱ्यावर उभं असेल, तर नुसतं 'काळजी घे' म्हणू नका. त्याच्या जिभेला काय आवडतं ते आठवा आणि पाठवा.

आणि हो, डॉक्टरांची सही झाली त्या दिवशी नूपुरनं लगेच नंदनवनला फोन लावला.

"काकू, पास झाली मी! खाली नाही येऊन राहिली."

पलीकडे कढईत परतण्याचा आवाज येत होता. उलथनं न थांबवता कुसुमताई म्हणाल्या, "नकोच येऊ, बाई. तिथंच उभी राह्य. तिखटाचं मी पाहून घेते."