नुसत्या आवाजासाठी

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. अजून धडधाकट आहे. आजही हँडल मारलं तर दुसऱ्या झटक्याला सुरू होईन. माझं दुःख मोडण्याचं नाहीच मुळी. चांगलं चालत असूनही माझ्याकडून जे करून घेतलं, ते सांगायला मी बोलतो आहे.

मला देवाजीनं आणलं. घुग्घुसच्या खाणीतली नोकरी सोडून तो गावी परतला, तेव्हा बल्लारपूरहून मला ट्रकवर घातलं आणि पुढं कठाणी नदीच्या काठापर्यंत बैलगाडीतून आणलं. त्या गावात तोवर धान ढेकीनं कुटत. ढेकीला डिझेल लागत नसे, तिला बायकांचे पाय लागत. दिवसभर लाकूड दाबून दाबून संध्याकाळी त्यांचे गुडघे वळत नसत. मी आलो, माझ्या चाकावरून लांब पट्टा धान भरडायच्या हलरवर चढला आणि गावातल्या ढेक्या एकेक करून चुलीत गेल्या. देवाजीची बायको रुखमा मला थंड ठेवायच्या पिंपातलं कोमट पाणी काढून गिऱ्हाइकांना हातपाय धुवायला द्यायची. "जयभीम, देवाजीभाऊ" म्हणत लोक यायचे आणि पाठीमागं तांदळाचा वास सोडून जायचे. काय दिवस होते ते!

नदीपलीकडं जंगलात गोंडांची गावं होती. तिकडच्यांना गिरणी चालू की बंद हे कळणार कसं? देवाजीनं युक्ती केली. माझ्या धुराच्या नळीवर पत्र्याचा एक डबा बांधला. त्यातून माझा आवाज 'पुक् पुक्' करत साग-मोहाच्या झाडांवरून थेट पलीकडं जायचा. तो ऐकला की बायका टोपल्या उचलत, नदी ओलांडत आणि माझ्या दारात येत. देवाजी माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचा, "तुह्या आवाजावरच माही गिरणी हाय, लेका. तुले कधी सोडनार नाई." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. लोखंडाचा असलो म्हणून काय झालं?

मग गावात विजेचे खांब आले. गडचिरोली नवा जिल्हा झाला होता, सगळीकडं तारा ओढल्या जात होत्या. देवाजीनं एक मोटार आणली. माझ्या बैलासारख्या अंगापुढं ती एवढीशी, कोपऱ्यात हलरला चिकटून बसली. माझा पट्टा तिला फार लांब होत होता. देवाजीनं कोयता घेतला.

"अख्खा राहू द्या ना जी," रुखमा म्हणाली. "लायनीचा का भरोसा?"

"आता लाइन आली. इंजिनाले का करतो?" असं म्हणून त्यानं माझ्या डोळ्यांदेखत पट्टा कापला. उरलेल्या तुकड्याचे तळवे करून स्वतःसाठी चपला शिवल्या. रोज सकाळी तो माझा पट्टा पायात घालून माझ्यासमोरून जायचा.

एवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. पण मोटारीला आवाज नव्हता. पलीकडची गिऱ्हाइकं येईनात. तेव्हा देवाजी पुन्हा माझ्याकडं वळला. हँडल फिरलं, डबा वाजू लागला आणि मला वाटलं, माझे दिवस परतले. थोड्याच वेळात लक्षात आलं, की चाकावर काहीच ओझं नाही. मी डिझेल पीत होतो, धूर सोडत होतो आणि एक दाणासुद्धा भरडत नव्हतो. काम मोटारीचं, हाक माझी. रोज बायका जमेपर्यंत तो मला असाच रिकामा चालवू लागला.

पावसाळा सरताना पलीकडच्या गावात नवा पंडुम हा सण ठरला. त्या दिवशी नव्या धानाचा भात आधी पूर्वजांना देतात, त्यानंतरच घरातली माणसं नवं अन्न तोंडात घालतात. सणाच्या आदल्या दिवशी माझा आवाज ऐकून सुकरी नावाची म्हातारी निघाली. तिच्या टोपलीत नवा धान होता. ती नदीत असतानाच इकडं लाइन गेली. येईल आत्ता, या आशेवर देवाजीनं मला तसंच चालू ठेवलं.

सुकरी ओल्या लुगड्यानं आत आली. "देवाजीभाऊ, उद्या पंडुम हाय. माहा धान पयले घे."

"लाइन गेली, बाई. बस जराशी."

"लाइन गेली तं हे काऊन चालून राह्यलं?"

"ते... ते नुसतं आवाजासाठी हाय."

"मंग मले बलावलं काऊन?"

देवाजी आपल्या पायांकडं बघत उभा राहिला. माझ्या अंगात तो सगळा धान चुटकीसरशी भरडण्याइतकं बळ होतं. हलर समोर होता. मधे फक्त कापलेला पट्टा होता. माझा इतका संताप झाला की वाटलं, आत्ताच्या आत्ता फुटून जावं.

ऊन कलेपर्यंत ती बसली. लाइन आलीच नाही. तिनं टोपली उचलली, माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "याचा आवाज खोटा हाय." देवाजीला ती काहीच म्हणाली नाही. म्हणाली ती मला.

दुसऱ्या दिवशी देवाजीनं पुन्हा हँडल मारलं. मी पुष्कळ वेळ वाजलो. नदी ओलांडून कुणी आलं नाही. देवाजीनं मला बंद केलं, तेव्हा पलीकडून हळूहळू ऐकू आलं: धप्... धप्... कुणाच्या तरी घरी ढेकी उरली होती, आणि दुखऱ्या पायांनी बायका सणाचा धान कुटत होत्या. त्यानंतर मला कुणी हात लावला नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राला तेलपाणी करा, त्याला काम द्या. काम नसेल तर खुशाल भंगारात घाला, मी कुरकुरणार नाही. पण नुसत्या आवाजासाठी त्याला जाळू नका. पलीकडच्या काठावर तो आवाज ऐकून कुणीतरी डोक्यावर टोपली घेतं आणि पाण्यात पाय घालतं.