पडद्यापलीकडचा गुडघा

थोरलीचा नवा गुडघा वाकायला तयार नव्हता, आणि थोरलीही नव्हती. सिस्टर आली की ती डोळे मिटून घ्यायची. "दुखतंय. उद्या बघू." तिचा उद्या काही उजाडत नव्हता. शेवटी डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "सोमवारपर्यंत काटकोनात आला नाही, तर पुन्हा भूल देऊन आम्हीच वाकवू." मागच्या भुलीच्या वेळी, आता आपण काही परत येत नाही, असंच थोरलीला वाटलं होतं. तरी गुडघा ढिम्म.

सिस्टर पक्की बारा गावचं पाणी प्यालेली. तिने शेजारच्या खाटेवर नवी पेशंट आणली आणि मध्ये पडदा ओढला. नुसत्या खोकल्यावरून थोरलीने ओळखलं, ही आपली धाकटी जाऊ. सासूच्या शिलाई मशीनवरून दोघींचं बिनसलं होतं. मशीन धाकटीकडे गेलं, आणि त्या घरचा विषय थोरलीपुढे काढायची कुणाची छाती राहिली नाही. धाकटीलाही गुडघ्याने धरलंय हे कळून थोरलीला जरा बरंच वाटलं.

बरं वाटणं टिकलं नाही. पलीकडून सिस्टर म्हणाली, "वा, किती छान वाकतोय. टाच पार मागे आली की."

"काही त्रास नाही हो," धाकटी म्हणाली, तेही चांगलं ऐकू जाईल असं.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन नेलं ते नेलं, आता गुडघ्यातही पुढे? दातओठ खात तिने गादीवरून टाच मागे ओढली. डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरने न मागता बर्फाची पिशवी आणून ठेवली आणि वर म्हणाली, "राहू द्या, तुम्हाला नाही झेपायचं." मग तर विचारूच नका. ताट समोर आलं तरी टाच मागेपुढे चालूच.

सोमवारी डॉक्टरांनी मोजलं. काटकोन. भूल टळली. थोरली वॉकर धरून उठली आणि तोऱ्यात पडदा सरकवला.

धाकटीच्या पायाला पट्टी नव्हती, टाका नव्हता. जुनाच गुडघा.

"माझं ऑपरेशन उद्या आहे," धाकटी ओशाळली. "बीपी उतरेना म्हणून आधीच येऊन पडलेय. सिस्टर म्हणाल्या, जाऊबाई कुणाचं ऐकत नाहीत. मी म्हटलं, माझ्यावर जळल्या तर ऐकतील. दुखत होतं हो मलाही."

हसावं की भांडावं, थोरलीला कळेना. मग तिला दिसलं, धाकटी चादरीचं टोक सारखं चुरगळत होती.

"भुलीची भीती वाटते?"

धाकटीने मान हलवली.

"मलाही वाटली होती. येतो माणूस परत," थोरली म्हणाली. तिला धाकटीची माया आली आणि स्वतःची लाज वाटली. वॉकर टेकत ती सिस्टरच्या टेबलापाशी गेली.

"उद्या हिला आणलं की पडदा ओढा. आणि मी काय काय ओरडायचं ते आत्ताच सांगून ठेवा."

"अहो, ही युक्ती त्यांना ठाऊक आहे."

"असू दे ठाऊक," थोरली म्हणाली. "तरी जळेल. मी ओळखते तिला."