सुट्या राहिलेल्या फांदीचा धागा

मी परळच्या एका गिरणीतला जुना लाकडी फलक आहे, मित्रांनो. हसू नका, माझ्या अंगावर टाचण्यांची जेवढी भोकं आहेत तेवढे दात तुमच्या तोंडात नाहीत! माझ्यावर कापडाचे नमुने टोचत. दौलत नावाचा विणकर मला रोज फडक्याने पुसायचा. ब्याऐंशीच्या संपात माग थांबले आणि वीस वर्षं मी धूळ खात पडलो. फार एकटं वाटायचं हो.

पुढे त्याच आवारात सॉफ्टवेअर कंपनी आली. दौलत तिथे चहा देऊ लागला आणि त्यानेच मला भिंतीवर चढवलं. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. गाभा सगळ्यांना एकच, वरच्या सोयी ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे. त्या सोयींचं फांद्याफांद्यांचं झाड कागदावर काढून तिथल्या उत्तमने माझ्या डावीकडे लावलं. त्याच्या जोडीच्या सुभद्राने उजवीकडे दवाखान्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी लावली. रक्तपेढी आहे का? उत्तर 'हो' आलं की ती सोय जोडायची.

दोघं एकमेकांच्या कागदाकडे ढुंकूनही बघत नसत.

"माझ्या झाडात सगळं आहे," उत्तम म्हणायचा.

"मग झाडालाच विचार ना, दवाखान्याला काय हवंय ते!" सुभद्रा फटकारायची.

एका दुपारी लालबागच्या प्रसूतिगृहासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरची सीडी निघाली. दौलतची लेक कमल तिथेच बाळंत झाली होती. बाळ जेमतेम दीड किलोचं, औषधांवर होतं. चहा ठेवता ठेवता दौलत माझ्यासमोर थबकला.

"साहेब, एक धागा सुटा दिसला तरी आम्ही माग चालू करत नव्हतो. हे दोन कागद जोडून बघितलेत काय?"

"मामा, माणूस सीडी घेऊन जिना उतरतोय!" उत्तम वैतागला.

सुभद्राने मात्र दोऱ्याचं रीळ काढलं. ती एकेक प्रश्न वाचत गेली, दौलत त्याच्या फांदीपर्यंत धागा बांधत गेला. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी एक फांदी सुटी राहिली: बाळाच्या वजनावरून औषधाचं प्रमाण.

"ही तुझ्या प्रश्नातून येते ना?" उत्तमने विचारलं.

"मला वाटलं, ती तुझ्या गाभ्यातच आहे!"

म्हणजे ती कोणीच जोडली नव्हती! तान्ह्या बाळांसाठीही मोठ्यांचंच प्रमाण दाखवलं गेलं असतं. उत्तम जिन्याकडे धावत सुटला. सीडी परत येईपर्यंत दौलत माझी कड घट्ट धरून उभा होता.

त्यानंतर झाड आणि यादी जोडल्याशिवाय तिथून काही बाहेर गेलं नाही. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी या पद्धतीला इंग्रजी नाव दिलं, बक्षीसही मिळवलं. दौलतचं नाव कुठेच आलं नाही. मला अजून राग येतो, स्पष्टच सांगतो.

आता जोडणी पडद्यावर होते आणि मी जिन्याखाली आहे. मला पुसलं नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण चहा देणारा माणूस काही विचारत असेल, तर दोन मिनिटं थांबून ऐका.

कमलची मुलगी यंदा सहावीत गेली.