बटण दाबलेलं राहिलं

शहाण्णव सालच्या हंगामात कारखान्याने सहा वॉकी-टॉकी घेतले. कारखाना शेवगावच्या रस्त्याला, ऊस मात्र चारी बाजूंच्या गावांत पसरलेला. ऊसतोडीच्या कुठल्या टोळीकडे ट्रॉली पाठवायची, कुठली गाडी अडकली, हे कळायला पूर्वी सायकलवर माणूस धाडावा लागे. आता मध्ये ना तार, ना एक्सचेंज. बटण दाबून बोललं की दोन-तीन कोसांवरच्या सगळ्या सेटांवर आवाज उमटायचा. फक्त एक बोलत असला की बाकीच्यांनी ऐकायचं. दोघांनी एकदम बोलून चालत नसे.

हे सगळ्यांना शिकवलं ते भीमराजने. राहुरीला शेतकीची पदवी घेतलेला, तिशीच्या आतला. त्या दिवाळीत त्याला उसाच्या नोंदी घेणाऱ्या फिल्डमनांचा गट अधिकारी केलं होतं. शेतकी अधिकारी विष्णुपंतांनी स्वतःच्या हाताने त्याला पेढा भरवला होता. विष्णुपंतांना या खात्यात सव्वीस वर्षं झाली होती. त्यांच्या पुतण्याने, अनिमेषनेही त्याच जागेसाठी अर्ज केला होता, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. निदान भीमराजसमोर तरी नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी विष्णुपंत श्रीमंतराव बागाईतदारांच्या ओसरीवर चहाला बसले होते. जीप फाटकाशी उभी, ड्रायव्हर कानिफनाथ तिथेच. विष्णुपंतांनी सेट खांद्याच्या पिशवीत घातला होता आणि वर उसाच्या नोंदीचं जाडजूड रजिस्टर कोंबलं होतं.

"नवा गट अधिकारी कसा काय?" श्रीमंतरावांनी बशी पुढे सरकवत विचारलं.

"कसा असणार?" विष्णुपंत हसले. "त्या लोकांना हल्ली जागा मिळतात, त्या कशा मिळतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. पदवी काय, कोणीही घेतं. पण चार माणसं हाताळायची, हिशेबानं वागायचं, हे रक्तातच असावं लागतं. आमच्या अनिमेषला डावलून बसवला त्याला. मी गोड बोलतो, दुसरं करणार काय? पण मनातून म्हणाल, तर तो टेबलाशी शेजारी बसला की मला अजून अवघडतं."

श्रीमंतरावांनी मान हलवली. बोलणं वाढत गेलं. फाटकाकडून कानिफनाथ दोनदा मोठ्याने खाकरला. विष्णुपंतांनी हाताने त्याला 'थांब' अशी खूण केली.

निघताना त्यांनी रजिस्टर उपसलं आणि पिशवीतला सेट एकदम बोलू लागला.

"शेतकी साहेब, भीमराज बोलतोय. कालव्याच्या पुलावर ट्रॉली उलटली आहे. बाईचा पाय खाली अडकलाय. जीप पाठवा. बारा मिनिटं झाली, चॅनेल मिळत नव्हतं. ओव्हर."

आवाज शांत होता, नेहमीसारखाच अदबीचा. विष्णुपंतांनी सेटकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे पाहिलं. रजिस्टरच्या वजनाने सेटचं बटण दाबलेलंच राहिलं होतं.

जीपमध्ये बसताना कानिफनाथ खाली बघत म्हणाला, "जीपच्या सेटवर समदं ऐकू येत हुतं साहेब. मला वाटलं, पावन्यांसमोर कसं सांगावं. खाकरलो दोनदा. पुलावरचं काय ठाऊक न्हवतं, न्हाईतर पळतच आलो असतो."

"सगळ्या सेटांवर?"

"व्हय."

पूल दीड किलोमीटरवर होता. ते पोचले तेव्हा टोळीच्या माणसांनी ट्रॉली कशीबशी उचलून धरली होती आणि भीमराज ओणवा होऊन एका बाईला बाहेर ओढत होता. पाथर्डीकडच्या टोळीतली कडूबाई. भीमराजचा तळहात पत्र्याने फाटला होता. त्याने विष्णुपंतांकडे पाहिलंही नाही. बाईला जीपच्या मागच्या बाकावर घेतलं, तिचं पाऊल आपल्या मांडीवर ठेवून रुमालाने आवळून धरलं. तिचा नवरा गोरक्षनाथ शेजारी बसला. विष्णुपंत पुढे बसले. शेवगाव येईपर्यंत त्यांना मागे वळता आलं नाही.

दवाखान्यात तासाभराने डॉक्टर बाहेर आले. पाऊल वाचलं होतं, दोन बोटं काढावी लागली होती. "रक्त फार गेलंय," ते म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

गोरक्षनाथने विष्णुपंतांना हात जोडून विचारलं, "साहेब, जीप कुठं हुती?"

"लांब होती," विष्णुपंत म्हणाले. "दुसऱ्या शिवारात."

शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांना दिसलं की भीमराज दाराशी उभा आहे, हाताला पट्टी बांधून. कानिफनाथने मान फिरवली.

त्या संध्याकाळी बायकोने, सुमेधाबाईंनी वाढलेलं ताट तसंच राहिलं. तिने विचारलं तेव्हा विष्णुपंतांनी पोटाचं निमित्त सांगितलं. आपण दिवसभर खोटंच बोलतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

सकाळी ते एसटीने दवाखान्यात गेले. गोरक्षनाथ व्हरांड्यात पाव खात बसला होता. विष्णुपंत त्याच्यासमोर उभेच राहिले.

"काल मी तुला खोटं सांगितलं. जीप जवळच होती. माझ्या चुकीनं यंत्राचं बटण दाबलेलं राहिलं, म्हणून हाक लागली नाही. मी चहा पीत बसलो होतो."

गोरक्षनाथने पाव कागदात गुंडाळला. त्याची नजर विष्णुपंतांच्या बुटांवर होती.

"तिला सांगू नगा," एवढंच तो म्हणाला. "मी सांगंन."

मग ते भीमराजच्या घरी गेले. सव्वीस वर्षांत त्या वस्तीत ते पहिल्यांदा शिरत होते. भीमराजची आई कलाबाई खुर्ची आणायला निघाली, भीमराजने खुणेने तिला थांबवलं. विष्णुपंत अंगणातच उभे राहिले.

"भीमराज, तुम्ही जे ऐकलंत..." आजवर 'तू' म्हटलेल्या माणसाला त्यांच्या तोंडून आपोआप 'तुम्ही' गेलं.

"साहेब, मला त्यात नवं काही नव्हतं," भीमराज म्हणाला. "नुसतं वाटायचं, ते ऐकू आलं. मी बटण दाबत होतो, बाई ओरडत होती आणि सेटमधून तुम्ही माझ्या रक्ताबद्दल बोलत होता. माझ्याशी माफीचं बोलू नका. अहवालात काय लिहिणार आहात ते सांगा."

विष्णुपंतांनी कार्यालयात बसून अहवाल लिहिला. 'सेट नादुरुस्त' असं लिहिलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती. त्यांनी लिहिलं की चॅनेल बारा मिनिटं त्यांच्या निष्काळजीपणाने अडलं आणि त्या वेळात ते एका सहकाऱ्याबद्दल नीच बोलत होते. 'नीच' हा शब्द त्यांनी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा तसाच ठेवला. कडूबाईच्या उपचारांचा खर्च कारखान्याने उचलावा, असं शेवटी जोडलं. तो मंजूर झाला. विष्णुपंतांचा सेट काढून घेतला गेला, पुढे दोन महिन्यांनी पदही गेलं. गेटवरच्या वजनकाट्याच्या खोलीत त्यांना टेबल मिळालं.

तिथे भिंतीवरच्या सेटवर दिवसभर भीमराजचा आवाज यायचा. गाड्यांचे नंबर, टोळ्यांची नावं. समोर आला की तो पूर्वीसारखाच "नमस्कार साहेब" म्हणायचा आणि थांबायचा नाही. पुढच्या हंगामात गोरक्षनाथ एकटाच कोयता घेऊन आला; कडूबाईला आता तोडीत उभं राहणं जमत नव्हतं. पहिल्याच दिवशी काट्यावर त्याने विष्णुपंतांना ओळखलं आणि रामराम घातला. विष्णुपंतांनी हात उचलला, पण त्याच्या डोळ्यांकडे बघणं त्यांना जमलं नाही.