एक हो, दोन नाही

माझ्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. लग्नाच्या बोलणीला आले होते तेव्हा माझ्या काकांनी चौथ्यांदा चहा विचारला, तेव्हाही हे हो म्हणाले आणि रात्रभर पित्ताने तळमळले. माझी मोठी बहीण यांना तोंडावर नंदीबैल म्हणते. त्यावरही हे मान डोलावतात आणि हसतात. मला राग येतो, पण तो बहिणीचा येतो की यांचा, ते इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

आपल्या माणसांत असा माणूस खपून जातो. परक्या देशात त्याचं कसं व्हायचं, ही काळजी मी इथे आल्यापासून करतेय. हे पोलादाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर आहेत. तिथे बोलायची गरजच पडत नाही. मुकादम बोटाने सांधा दाखवतो, हे मान हलवतात, मान हलवली की कपाळावरचं हेल्मेट डोळ्यांवर पडतं आणि काम सुरू. मी हॉटेलात खोल्या साफ करते, त्यामुळे मला टॉवेल, साबण, माफ करा, नंतर येते, एवढं आणि त्याच्या आजूबाजूचं थोडंफार बोलता येतं. समजतं मात्र त्याहून बरंच जास्त. यांना इथल्या भाषेतलं 'हो' तेवढं पक्कं येतं. 'नाही' कधी लागलंच नाही.

आमची एकुलती एक लेक माझ्या त्याच बहिणीकडे वाढतेय. आम्ही निघालो तेव्हा तिच्या दोन वेण्या घालाव्या लागायच्या, आता ती फोनवर मला कोणती गोळी जेवणाआधी घ्यायची ते बजावते. तिला इथे आणायचं तर कायदा सरळ आहे. अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज करायचा, आणि सोबत बँकेचं पत्र जोडायचं, की बापाच्या खात्यात तिला पोसण्याइतके पैसे आहेत आणि खातं चालू आहे. अठरा पूर्ण झाली की ती मोठी, मग आईबापाच्या कागदांवर तिला येता येत नाही. वाढदिवस पुढच्याच महिन्यात होता. पण पैसे जमले होते. टाकीच्या आत उतरून केलेल्या कामाचा वर्षभराचा जादा पगार कंपनीने एकरकमी खात्यात टाकला, आणि त्या दिवशी जेवताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघून उगाचच हसत होतो.

एवढी रक्कम एकदम आली म्हणून बँकेने फोन केला. हे तेव्हाही जेवतच होते. बँकेचा फोन म्हटल्यावर उठून उभे राहिले, खरकटा हात पाठीमागे धरला आणि तीन वेळा हो म्हणाले.

"काय म्हणत होते?" मी विचारलं.

"काही नाही गं. सगळं व्यवस्थित आहे ना, असं विचारत होते. फार नम्र माणूस."

दुसऱ्या दिवशी दुकानात यांचं कार्ड चालेना. तेल, पीठ, कांदे सगळं गल्ल्याजवळ मांडलेलं, मागे रांग, आणि गल्ल्यावरची मुलगी पुन्हा पुन्हा कार्ड लावून बघतेय. पिशवीत भरलेलं सामान एकेक करून परत काढताना मला धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. खातं गोठवलेलं होतं.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. शाखेत गेलं की काउंटरवाली म्हणायची, हे काम फोनवरच होतं. फोन लावला की आधी गाणं, मग एक बाई आकडे दाबायला सांगणार, चुकीचा दाबला की पुन्हा गाणं, आणि शेवटी जिवंत माणूस आलाच तर तो म्हणायचा, शाखेत जा. शाखेच्या भिंतीवरही एक फोन लावलेला आहे. तो उचलला की तेच गाणं. एकदा मी तो कानाला लावून कितीतरी वेळ उभी होते, आणि जिने मला तिकडे पिटाळलं होतं ती माझ्यासमोरून डबा खायला निघून गेली. कंपनीचं पत्र नेलं, तर म्हणे कागद नंतर बघू, आधी खातेदाराचा जबाब आणि कागद जुळायला हवेत.

दारातच एक मोठं चित्र आहे. सगळ्या रंगांची माणसं हसतायत आणि वर पुष्कळ भाषांत 'स्वागत आहे' लिहिलंय. मी आपली भाषा शोधली, ती नव्हती. बँकेचा दुभाषाही तेवढ्याच भाषांचा मिळतो. आमच्यासाठी त्यांनी जवळची समजून भलतीच भाषा लावून दिली. फोनवरचा तो भला माणूस यांच्याशी बराच वेळ बोलला, हे त्यालाही हो हो म्हणत राहिले, आणि शेवटी तोच बिचारा बँकेला म्हणाला की या गृहस्थांची भाषा वेगळी आहे.

अखेर चष्मा लावणाऱ्या एका बाईला माझी दया आली, किंवा कंटाळा आला असेल. तिने मला खुर्चीवर बसवलं आणि सावकाश, हातवारे करत समजावलं. फोनवर तीन प्रश्न विचारले होते. हे पैसे तुमचे आहेत का? तुमचं खातं दुसरं कोणी वापरतं का? कुणी आपले पैसे तुमच्याकडे ठेवायला दिलेत का? यांनी तिन्ही प्रश्नांना हो म्हटलं होतं आणि ते ध्वनिमुद्रित झालं होतं. मला आधी हसू आलं. मग मी तिला तिन्ही प्रश्न पुन्हा सांगायला लावले.

एकच वाट उरली होती. तेच तीन प्रश्न त्याच क्रमाने पुन्हा विचारणार, बंद खोलीत, यंत्र लावून. उत्तरं खातेदारानेच द्यायची आणि इथल्याच भाषेत. बायकोने मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही. उत्तरं बरोबर आली तर त्याच दिवशी खातं सुरू आणि पत्र हातात. आम्हाला बुधवार मिळाला. अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती, शनिवारी लेकीचा वाढदिवस.

घरी आल्या आल्या मी शाळा भरवली. प्रश्न समजून घ्या आणि मग उत्तर द्या, असं आधी सांगून पाहिलं. पण त्या भाषेतलं लांब वाक्य सुरू झालं की यांची नजर हरवते आणि मान आपोआप हलायला लागते. शेवटी मी हात टेकले आणि आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळे करतात तेच केलं. घोकून घेतलं. पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला नाही.

"हो, नाही, नाही," हे भांडी विसळताना म्हणायचे. जिना चढताना, बुटाची नाडी बांधताना तेच. 'नाही' म्हणताना आवाज इतका पडायचा की मी वैतागले.

"अहो, नकार देताय की माफी मागताय?"

"समोरच्याला वाईट वाटतं गं."

"वाटू दे! पोरीपेक्षा तो जास्त झाला का तुम्हाला?"

तेव्हा कुठे आवाजाला धार आली. मंगळवारी मी साहेब होऊन बसले आणि उलटतपासणी घेतली. एकदाही चुकले नाहीत. लेकीला सांगितलं तर तिनेही फोनवरून विचारून पाहिलं आणि "बाबा पास!" म्हणून ओरडली. हे लाजले.

बुधवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. खोली काचेची होती. टेबलावर काळं यंत्र, त्यावर बारीक लाल दिवा. साहेब माझ्या भाच्याच्या वयाचा, टाय लावलेला, हसरा. मला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं, तिथून यांची पाठ आणि मान तेवढी दिसत होती. साहेबाने बटण दाबलं, तारीख बोलला, यांचं नाव कसंबसं वाचलं. मग यांच्याकडे बघून अगदी आपुलकीने विचारलं, "थोडं पाणी घेणार का?"

"हो," हे म्हणाले. खणखणीत.

मला आधी बरंच वाटलं, केवढा धीट आवाज! साहेबाने पेला भरून पुढे सरकवला. यांनी त्याला हातही लावला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. यांच्या हिशेबी पहिला प्रश्न झाला होता.

मी खोकले. यांनी किंचित वळून डोळ्यांनीच मला सांगितलं, काळजी करू नकोस.

"या खात्यातले पैसे तुमचे आहेत का?"

"नाही."

इतकं ठाम 'नाही' मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. साहेबाने भुवया वर केल्या. मी पुन्हा खोकले, खुर्ची करकरा ओढली, चप्पल आपटली. यांना वाटलं असणार, बायको शाबासकी देतेय.

"हे खातं दुसरं कोणी वापरतं का?"

"नाही."

"कुणी त्यांचे पैसे तुमच्याकडे ठेवायला दिलेत का?"

यांच्याजवळची उत्तरं संपली होती. साहेब वाट बघत होता. यांनी एक बोट मांडीवर टेकवलं, दुसरं टेकवलं, तिसरं टेकवलं, गोंधळले, आणि मग पाठ केलेलं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"हो."

म्हणजे पैसे यांचे नाहीत, कुणीतरी ठेवायला दिलेत आणि खातं हे स्वतःच चालवतात. खऱ्या चोरालाही इतका नेमका कबुलीजबाब देता आला नसता.

मी उठलेच. "साहेब, चूक, पाणी, पहिलं पाणी!" असं काहीतरी त्यांच्या भाषेत बोलले. होती नव्हती तीही भाषा ऐन वेळी पळाली. साहेबाने हात वर केला, यंत्राकडे बोट दाखवलं आणि मला खाली बसायची खूण केली. मी बसले आणि मला रडू फुटलं.

हे वळले. माझं तोंड बघून काहीतरी बिनसलंय एवढं यांना कळलं. साहेबाकडे बघून हे बोलायला लागले, आपल्या भाषेत.

"साहेब, पैसे माझे आहेत. दुसऱ्या कुणाचे नाहीत. हे बघा," यांनी बाही वर सारली, "हे डाग टाकीच्या आतले. भर उन्हाळ्यात आत उतरायला कोणी तयार नव्हतं, मला विचारलं, मी हो म्हटलं. सुट्टीच्या दिवशी विचारलं, हो म्हटलं. त्याचे आहेत हे पैसे. पोरीला आणायचीय मला. ती केवढी झाली ते मी फोनवरच बघतो. माझ्या खांद्याला लागते म्हणतात, मी अजून उभं करून बघितलेलं नाही. मला तुमचं बोलणं कळत नाही साहेब, तो माझा दोष. पण मी कुणाचा पैसा ठेवलेला नाही. मी तसा माणूस नाही."

लग्नानंतर एका दमात एवढं बोलताना मी यांना ऐकलं नव्हतं. साहेब मधे एकदाही बोलला नाही. सौम्य चेहऱ्याने मान डोलवत ऐकत राहिला. त्या खोलीत ते कळणारी मी एकटी होते आणि माझं बोलणं चालत नव्हतं. हे थांबल्यावर साहेबाने यंत्राला सांगितलं, खातेदार स्वतःच्या भाषेत काही बोलले, ते जबाबात धरलेलं नाही. लाल दिवा विझला. मग तो माझ्याकडे वळून, मला समजेल इतकं सावकाश बोलला. खातं तपास होईपर्यंत बंद राहील. काही महिने लागतील. पुन्हा जबाब घेता येत नाही. माफ करा, म्हणाला. हा शब्द मी रोज वापरते.

आणि उठून त्याने यांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. यांचा चेहरा उजळला.

बाहेर फुटपाथवर आल्यावर यांनी मोठा श्वास सोडला. "शेवटपर्यंत ऐकून घेतलं गं त्याने. मला वाटलं होतं बिघडलं. पण मनापासून बोललं की पोचतं, भाषा कुठलीही असो. बघितलंस ना, हात कसा मिळवला ते? तू रडू नकोस आता, झालं सगळं."

मी खरं काय ते सांगणारच होते. तेवढ्यात लेकीचा फोन आला. यांनीच घेतला. "झालं, बाळा! तुझा बाबा आज साहेबाशी बोलला. तू बॅग भरायला घे."

मी फोन जवळजवळ हिसकावला, इथे आवाज येत नाही म्हणत उभ्या ट्रकच्या आडोशाला गेले आणि लेकीला सांगून टाकलं. गोड करून सांगायचं त्राण नव्हतं. "नाही झालं. आता होणारही नाही. तुला येता येणार नाही, बाळा."

फोनमध्ये मागे माझी बहीण कुणाला तरी पंखा बंद करायला सांगत होती.

"बाबांना माहितीये?" लेकीने विचारलं.

"नाही. त्यांना वाटतंय काम झालं."

ती आता रडेल म्हणून मी कान घट्ट लावून उभी होते. रडली असती तर मला तिची समजूत काढता आली असती, तेवढं तरी आई म्हणून हातात होतं.

"आज नको सांगूस," ती म्हणाली. "दे त्यांच्याकडे."

मी परत जाऊन फोन यांच्या हातात दिला. ती मुद्दाम मोठ्याने बोलत होती, हसत होती, मला लांबूनसुद्धा ऐकू येत होतं. बाबा, तिकडे थंडी फार असते ना, स्वेटर किती आणू?

"दोन आण," हे म्हणाले. "बाकीचे इथे घेऊ."